एका बोटीची चार वयं

अगं, काल रात्री तू फोन ठेवलास आणि मला मेली झोपच लागेना. तुझ्या आवाजातली घाई माझ्या ओळखीची आहे. दहा वर्षांपूर्वी ती माझ्याही आवाजात होती, आणि तेव्हा "जरा थांब" म्हणणारं माझ्याजवळ कुणी नव्हतं. म्हणून सकाळी चहाचा कप घेऊन लिहायलाच बसले. फोनवर तू मध्येच "पण ताई" म्हणतेस आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहतं.

तू जे सांगितलंस ते आधी एकदा मांडते, चुकलं तर सांग. तुमची बोट सतरा फुटी, ॲल्युमिनियमची, रिव्हेट मारलेली, २००३ सालची. चार वर्षांपूर्वी रोख पैसे मोजून घेतलेली. आता दुकानात साडेअठरा फुटी, वेल्डिंगची, ११५ हॉर्सपॉवरच्या मोटरची नवी बोट उभी आहे आणि "महिनाअखेरपर्यंतच ही किंमत" असं सांगितलंय. तुझ्या तक्रारी तीन. वाऱ्यात बोट एका जागी राहत नाही. ऑक्टोबरमध्ये रे रॉबर्ट्स तलावाच्या मध्यावर मोटर बंद पडली ती पाऊण तास सुरूच झाली नाही. आणि मुलं मोठी झाली, पाय ठेवायला जागा नाही.

या तीन दुखण्यांची मुळं तीन ठिकाणी आहेत. दुकानदार मात्र तिन्हींवर एकच औषध देतोय.

ॲल्युमिनियमची बास बोट, म्हणजे बास मासे धरायची बोट, आपल्याला एक अख्खी वस्तू वाटते, त्यालाही एक कारण आहे. १९७८ मध्ये मिसुरीतल्या स्प्रिंगफिल्डच्या जॉनी मॉरिस यांनी 'बास ट्रॅकर' बाजारात आणली. बोट, मोटर आणि ट्रेलर, सगळं जुळवून तयार, एका किमतीत. त्याआधी माणूस बोट एकीकडे घ्यायचा, मोटर दुसरीकडे, आणि मग दोन्ही एकमेकांना जुळवत बसायचा. साध्या पगारदाराला पाण्यावर जाता आलं ते त्या कल्पनेमुळे, आणि मला तिचं मोल आहे. पण तेव्हापासून आपल्याला सवय लागली ती एकच किंमत बघायची. वीस वर्षं जुन्या बोटीला एक वय नसतं गं. धडाचं वय वेगळं, मोटरचं वेगळं, ट्रेलरचं वेगळं, आणि पुढची विजेची मोटर, बॅटऱ्या, मासे दाखवणारे पडदे यांचं वेगळं. यातलं नेमकं कोण म्हातारं झालंय हे कळल्याशिवाय सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा नाही.

धडापासून सुरू करू, कारण खरा निकाल तिथेच लागतो.

तुला देवबागचे आजोबा आठवतात का? तू लहान होतीस. पावसाळ्याच्या तोंडावर होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारायच्या आधी ते तिच्या भोवती एक फेरी मारायचे आणि बोटाच्या पेरानं एकेक फळी वाजवायचे. कान अगदी जवळ नेऊन. मी विचारलं होतं, काय ऐकता? म्हणाले, "सुकी फळी बोलते, कुजलेली गप्प बसते." कर्ली नदीच्या काठावर ऐकलेलं ते वाक्य मला टेक्सासमध्ये उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं होतं! पण पडलं. तुझी बोट ॲल्युमिनियमची असली तरी तिच्यात लाकूड आहे. मागची भिंत, जिच्यावर मोटर लटकते तो ट्रान्सम, त्या काळातल्या बऱ्याच बोटींत आतून प्लायवूडचा असायचा आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि प्लायवूड आतल्या आत कुजतं. बाहेरून पत्रा चकचकीतच दिसतो.

म्हणून स्क्रूड्रायव्हरची मूठ घे आणि ट्रान्सम वाजव. सगळीकडे टणक आवाज आला पाहिजे. कुठे मऊ, बसका आवाज आला तर तिथे थांब. मग मोटर अर्धी वर उचल, तिच्या खालच्या टोकाला धरून वर-खाली रेट, आणि तुझ्या नवऱ्याला ट्रान्समकडे बघत उभं कर. मोटरबरोबर भिंत वाकताना दिसली, कोपऱ्यात चीर उघडताना दिसली, तर ती बोट पाण्यात न्यायची नाही. त्या दिवशी माझाही सल्ला बदलेल, हे आधीच सांगून ठेवते.

रिव्हेटचं एवढं भय नको. तू म्हणालीस, "ताई, तळाला पाणी येतं, म्हणजे बोट गेलीच." नाही गं. लाटांवर आपटून आपटून रिव्हेट सैल होतात आणि एखाद-दुसरा पाझरतो. बोट ट्रेलरवर असताना पाणी सोडायचं बूच लावायचं, आत पाइपानं दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि खाली आडवं होऊन बघायचं. जिथून थेंब येईल तिथे मेणखडूनं खूण. जास्त पाणी भरू नकोस, ट्रेलरला ते ओझं झेपत नाही. मग एकानं आतून लोखंडाचा ठोकळा धरायचा, दुसऱ्यानं बाहेरून ठोकायचं. रिव्हेट पुन्हा बसतो. हे काम जाणकाराकडून करून घेतलं तरी नव्या बोटीच्या मानानं थोडक्यात भागतं. वेल्डिंगच्या बोटीला ही कटकट नाही, हे मान्य. पण वेल्डिंगलाही तडे जातात, आणि तो तडा रिव्हेटसारखा हातोडीनं बसत नाही. तो सांधायला ॲल्युमिनियमवर हात बसलेला वेल्डर लागतो.

तिसरी गोष्ट सहसा कुणी बघत नाही. जुन्या बोटीच्या तळात तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. कित्येक वर्षं पाण्यात राहून तो कधीकधी पाणी पितो आणि मग सोडत नाही. बोट जड होते, उशिरा उठते, पेट्रोल पिते, आणि आपण मोटरला दोष देतो. हायवेवर ट्रकवाल्यांसाठी वजनकाटे असतात, तिथे ट्रेलरसकट वजन कर आणि कंपनीच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून बघ. बॅटऱ्या, पेट्रोल, सामान वजा करूनही तीन-चारशे पौंडांचा फरक राहिला, तर समज की तू पाणी वाहून नेत्येस.

आता मोटर. ऑक्टोबरची ती पाऊण तासाची गोष्ट तू हसत हसत सांगितलीस, पण मी हसले नाही. माझा भाचा होता त्या बोटीत. नवी बोट घ्या, नका घेऊ, हे या आठवड्यात बघितलंच पाहिजे. जुनी मोटर गरम झाल्यावर बंद पडते आणि निवल्यावर सुरू होते, याची कारणं कधी अगदी क्षुल्लक असतात. पेट्रोलची नळी आतून सुटलेली, हातपंपाचा रबरी फुगा कडक झालेला, टाकीत सहा महिने पडून राहिलेलं इथेनॉलचं पेट्रोल. कधी ती कारणं महागही असतात. मेकॅनिककडे ने आणि तीन गोष्टी विचार. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती? आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एखादा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर लक्षण बरं नाही. खालच्या गिअरचं तेल कसं निघालं? दुधाळ निघालं तर आत पाणी शिरतंय. आणि पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र शेवटचं कधी बदललं? ते दर दोन-तीन वर्षांनी बदलायचं असतं. तुम्ही चार वर्षांत बदललेलं नाही, हे मला ठाऊक आहे, कारण तू मला कधी त्याबद्दल विचारलंच नाहीस.

मोटर खरंच थकली असेल आणि धड धडधाकट असेल, तर त्याच बोटीवर नवी फोर-स्ट्रोक मोटर बसवणं हाही एक मार्ग आहे. काही हजार डॉलरचं काम आहे, स्वस्त नाही. पण मोटर घेण्याआधी बोटीवरची ती छोटी पाटी वाच. वीस फुटांखालच्या मोटरबोटींवर किती माणसं, किती वजन आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर हे लिहिलेलं असतं. त्या आकड्याच्या वर जायचं नाही. कुणी कितीही सांगितलं तरी नाही.

ट्रेलरबद्दल फार सांगत नाही. चाकांचे बेअरिंग, ग्रीस, दिवे आणि टायर. टायरवरच्या तारखेचे चार आकडे बघ, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. नक्षी शाबूत असली तरी उन्हात उभा राहिलेला टायर म्हातारा होतो.

आणि वारा. उत्तर टेक्सासचा वसंतातला वारा मला काय सांगतेस! लुइसव्हिल तलावावर मी अर्धी सकाळ पायाखालचं पॅडल दाबण्यात घालवलेली आहे. पण बोट एका जागी धरून ठेवण्याचं काम नव्या बोटीचं नसतं, ते नाकावरच्या विजेच्या मोटरचं असतं. आता जीपीएसवाल्या ट्रोलिंग मोटर मिळतात. बटण दाबलं की ती त्या जागेची नोंद घेते आणि स्वतःच वळत, फिरत बोटीला तिथे धरून ठेवते. अशी मोटर तुझ्या जुन्या बोटीवर बसते आणि उद्या बोट विकलीस तर काढून नेता येते. फक्त तुझी सध्याची मोटर बारा व्होल्टची आहे. चोवीसची घेतलीस तर दुसरी बॅटरी आणि कदाचित जाड वायरही लागेल, ते काम कुठल्याही इलेक्ट्रिशियनला न देता बोटीच्या माणसालाच दे.

पडद्यांचंही तेच. गार्मिन कंपनीनं २०१८ मध्ये लाइव्हस्कोप हे सोनार आणल्यापासून समोरचा मासा हलताना दिसतो आणि तुझा नवरा त्यानं भारावलाय, हे मला कळतं. मीही पहिल्यांदा बघितलं तेव्हा गळ टाकायला विसरले होते. पण तो पडदाही जुन्या बोटीवर बसतो. आणि एक सांगू? लार्जमाउथ बास माशाचा विश्वविक्रम २ जून १९३२ चा आहे. जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या शेतकऱ्यानं २२ पौंड ४ औंसांचा मासा काढला, घरी ठोकून बनवलेल्या बोटीतून. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याच्या बरोबरीचा मासा निघाला, पण तो विक्रम स्पष्टपणे मागे टाकणारा अजून निघालेला नाही. पडदे घेऊ नका असं नाही म्हणत मी. पडद्यासाठी बोट घेऊ नका, एवढंच.

आता माझी गोष्ट. ही तुला पूर्ण कधी सांगितली नव्हती.

आम्ही नवी बोट घेतली ती एका बोट-प्रदर्शनात. विकणाऱ्या माणसानं किंमत सांगितलीच नाही, महिन्याचा हप्ता सांगितला. ३० हजार डॉलर, ८ टक्के, १५ वर्षं, महिन्याला २८७ डॉलर. तुझे भाऊजी म्हणाले, एवढं तर आपण बाहेर जेवण्यावर घालवतो. घरी येऊन मी गुणाकार केला असता तर दिसलं असतं की १५ वर्षांत ५१ हजार ६०० भरायचे आहेत. टॅक्स वेगळा, टेक्सासमध्ये सव्वासहा टक्के. विमा वेगळा. आणि आमच्या सोसायटीच्या नियमात घरासमोर बोट उभी करायला बंदी, म्हणून भाड्याची जागा वेगळी. जुनी बोट गॅरेजमध्ये तिरकी करून मावायची, नवी मावली नाही. पाच वर्षांनी विकायची वेळ आली तेव्हा आमचे १७ हजार भरून झाले होते आणि तरी साडेतेवीस हजारांहून जास्त कर्ज बाकी होतं. बोट वीस हजारांना गेली. वरचे साडेतीन हजार आम्ही पदरचे घातले, बोट द्यायला.

पण पैशाचं दुःख मी केव्हाच विसरले. त्या हप्त्यानं आमच्या सुट्ट्यांचं जे केलं ते नाही विसरले. जुनी बोट होती तेव्हा वारा असला की आम्ही घरी राहायचो, पोहे करायचो, मुलगा झोपायचा. नवी आल्यावर तिला घरी ठेववेना. एवढे पैसे जातायत, वापरली तर पाहिजे. मग नको त्या दिवशीही आम्ही निघायला लागलो. एका रविवारी रे रॉबर्ट्सवर दक्षिणेचा वारा सुटला, लाटा पुढून आत यायला लागल्या. ॲल्युमिनियमची बास बोट तळाला बरीच सपाट असते, उथळ पाण्यात ती फुलासारखी जाते, पण लाटेवर दणादण आपटते. आमचा नऊ वर्षांचा मुलगा खाली बसून माझा पाय धरून होता. धक्क्याला लागलो तेव्हा तुझे भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मीही नाही. त्या दिवशी आम्हाला पाण्यावर कुणी नेलं होतं? आमच्या हौसेनं नाही. हप्त्यानं.

म्हणून तू मला सांग, गेल्या वर्षी तुम्ही किती दिवस पाण्यावर होतात? अंदाजे नको, कॅलेंडर काढून मोज. आणि त्यातल्या किती दिवशी बोटीमुळे लवकर परतावं लागलं? त्यापुढे कारण लिही. मोटर, वारा, जागा, पाणी, मुलांचा कंटाळा. त्या कागदावर "मोटर" चारदा आणि "जागा" एकदा आलं, तर तुला नवी मोटर हवी आहे. "जागा" सातदा आलं, तर मात्र माझं ऐकून जुन्या बोटीत अडकून बसू नकोस.

कारण जागेची तुझी तक्रार खरी आहे, ती मी मोडीत काढत नाही. मुलं लहान होती तेव्हाची बोट आणि मोठी झाल्यावरची बोट यांत फरक असतोच. थोरल्याला गळ लांब फेकता यायला लागला की त्याच्यामागे कुणाचा डोळा नको. साडेअठरा फुटी, रुंद बोटीत चौघं मोकळेपणानं उभी राहतात. तेव्हा घ्यायचीच असेल तर माझ्या मते पाच-सहा वर्षं वापरलेली, वेल्डिंगची, फोर-स्ट्रोक मोटरची बघ. सुरुवातीची मोठी घसरण पहिल्या मालकानं सोसलेली असते. अशी बोट बघायला जाशील तेव्हा मोटरचे तास तिच्या कॉम्प्युटरमधून काढून मागायचे, तोंडी सांगितलेले नाही. धडाच्या मागे उजव्या बाजूला बारा अक्षर-अंकांची ओळ असते, त्यातले शेवटचे दोन आकडे मॉडेलचं साल सांगतात. जाहिरातीतलं साल त्याच्याशी जुळतं का ते बघ. आणि टेक्सासमध्ये बोटीचा टायटल वेगळा, मोटरचा टायटल वेगळा. दोन्ही विकणाऱ्याच्या नावावर असल्याशिवाय पैसे हातात ठेवू नकोस.

आणि पाण्यावर चालवून बघितल्याशिवाय तर मुळीच नाही. दुकानदार एकटा बसून पळवून दाखवेल, तेव्हा सगळ्याच बोटी हरणासारख्या पळतात. तू चौघांना बसव, टाकी भर, मासे ठेवायच्या टाकीत पाणी भर, आणि मग बघ ती पाण्यावर किती वेळात उठते. मुलांना लाइफ जॅकेट घालूनच. तेरा वर्षांखालच्यांना इथल्या कायद्यानं ते अंगावर लागतंच. आणि मोटर बंद करणारी ती लाल दोरी चालवणाऱ्यानं स्वतःला अडकवायची. १ एप्रिल २०२१ पासून तो केंद्राचाही कायदा आहे, आणि तुझा नवरा ती दोरी सुकाणूला गुंडाळून ठेवतो हे मी गेल्या उन्हाळ्यात बघितलंय. तेव्हा बोलले नाही, आज बोलते.

एक गोष्ट तुझ्या जुन्या बोटीच्या बाजूनंही सांगायला हवी. तुम्ही दर मार्चला लेक फोर्कला जाता. १९८० च्या सुमारास ते धरण भरायला लागलं तेव्हा तळातली झाडं तशीच ठेवली होती, काही अंशी म्हणूनही तिथे एवढे मोठे बास आहेत आणि म्हणूनच तिथे पाण्याखाली जिकडेतिकडे बुंधे आहेत. तिथे तुझ्या बोटीला चार ठिकाणी पोचे पडलेत, आणि त्या प्रत्येक पोच्याची गोष्ट थोरल्याला पाठ आहे. परवा मला तो सांगत होता, "मावशी, हा खड्डा माझ्या पहिल्या माशाचा." नव्या बोटीला पहिला ओरखडा पडेल तेव्हा घरात काय वातावरण असेल, ते तुझ्या नवऱ्याला आत्ताच विचारून ठेव. आमच्याकडे तीन दिवस अबोला होता.

माझं मत विचारशील तर, ट्रान्सम टणक निघाला की यंदा मोटर दुरुस्त करा, जीपीएसची ट्रोलिंग मोटर बसवा, आणि आमच्या त्या हप्त्याएवढे पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. दोन वर्षांत जवळजवळ सात हजार होतात. तेव्हाही मन तिकडेच ओढत असेल तर ते पैसे घेऊन आपण दोघी मिळून बोट बघायला जाऊ, आणि मी एका शब्दानं अडवणार नाही. ट्रान्सम मऊ निघाला तर मात्र तिच्यावर एक डॉलरही घालायचा नाही. मग शोध आत्ताच सुरू करू. महिनाअखेरची किंमत वगैरे काही नसतं गं. वसंतात सगळेच घ्यायला निघतात, शरदात दुकानात बोटी उभ्या राहतात आणि विकणाऱ्यांचे आवाज खाली येतात.

शनिवारी सकाळी सातला मी येते. बोट आदल्या दिवशी सावलीत काढून ठेव, बॅटऱ्या आणि सामान उतरवून ठेव. बागेतला पाइप आणि मुलांच्या दप्तरातला एखादा मेणखडू लागेल. धाकटीला सांग, आतल्या बाजूनं ठोकळा ती धरणार आहे. आणि थोरल्याला लवकर उठव, ट्रान्सम त्यानं वाजवायचाय. मी त्याला ऐकायला शिकवते.